मुशीचं तेल

भाद्रपद संपत आला की आमच्या किनाऱ्यावरचा वारा पलटतो. चार महिने समुद्राकडून येणारा ओला, खारट वारा एकाएकी पडतो. दोन-चार दिवस केळीचं पानही हलत नाही आणि मग एका सकाळी बोईसरच्या बाजूनं, जमिनीकडून, कोरडी झुळूक येते. पिकत आलेल्या हळव्या भाताचा वास तिच्यात असतो. सगळे म्हणतात, चला, सुटलो एकदाचे त्या चिकचिकाटातून. मला मात्र त्या दिवसांत अन्न गोड लागत नाही, झोप लागत नाही आणि घरातल्या कुणाचं बोलणं सहन होत नाही. बायको म्हणते, पित्त आहे. मीही पित्तच म्हणतो आणि मुकाट्यानं आल्याचा रस घेतो. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं एक खोटं चालून जातं.

यंदा त्या झुळकेबरोबर मुरबे गावचा एक बोटवाला चिंचणीला आमच्या वाडीवर आला. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेला वायरलेस सेट. जुना, कुणाचा तरी वापरून टाकलेला. मी रेडिओची कामं कधीच सोडून दिली आहेत, पण माझं नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. ओटीवर पेटी ठेवून तो म्हणाला,

"काका, दुसऱ्यांचा समदा ऐकू येतो. आमचा कोणाला ऐकू जात नाय."

त्या बिचाऱ्याला काय माहीत! त्यानं आपलं यंत्राचं दुखणं सांगितलं होतं. मी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि पेचकस शोधायला म्हणून आत निघून गेलो.

बाहेर येऊन सेट उघडला. बोलण्याच्या बाजूची एक कॉइल तुटली होती. ज्यांनी कधी रेडिओच्या पोटात डोकावून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोटाच्या पेराएवढी पोकळ नळी असते, तिच्यावर बारीक तारेचे वेढे असतात, आणि नळीच्या आत लोखंडी भुकटीचा एक ठिसूळ कोर असतो. त्याला पेचासारखे आटे असतात. कोर फिरवून आत-बाहेर केला की यंत्राचा सूर जुळतो. सूर जुळला तर आवाज कोसच्या कोस जातो. नाही जुळला तर माणूस घसा फोडून ओरडला तरी त्याचं बोलणं खोलीच्या बाहेर पडत नाही. एवढ्याशा वस्तूवर एवढं सगळं अवलंबून ठेवणाऱ्या माणसाचा मला आजही राग येतो.

साठच्या दशकात तारापूरच्या किनाऱ्यावर मोठं बांधकाम सुरू झालं, त्या दिवसांतली ही गोष्ट. जिथे ताडाची झाडं आणि गुरं असायची तिथे ट्रक, पत्र्याच्या चाळी, सिमेंटची धूळ. बोईसर स्टेशनवर हिंदी बोलणाऱ्या मजुरांच्या झुंडी उतरायच्या आणि आमच्या चिंचणीचे म्हातारे नाक्यावर बसून त्यांच्याकडे परग्रहावरची माणसं बघावीत तसे बघायचे. मी मुंबईत रेडिओचं काम शिकून नुकताच परत आलो होतो. वडलांची इच्छा होती मी पानवेली बघाव्यात. मी एका ठेकेदाराकडे वायरलेसवर लागलो. ठेकेदाराची एक लाँच होती. समुद्राचा तळ किती खोल, कुठे खडक, कुठे गाळ, हे मोजायला ती रोज बाहेर जायची. एक सेट लाँचवर आणि एक किनाऱ्यावर, पत्र्याच्या खोलीत. तिथे मी.

खोलीची राखण करायला दामाबाबा होते. खाडीजवळच्या कोळीवाड्यातले म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान. उभं आयुष्य समुद्रावर काढलेलं. डोळ्यांत फूल पडल्यावर किनाऱ्यावर आले आणि पहारेकऱ्याची खाकी टोपी घालून बसले. टोपी त्यांना अजिबात शोभत नसे आणि ते त्यांना माहीत होतं. लाँचवर तांडेल म्हणून त्यांचाच मुलगा हरी लागला होता. म्हणजे मुलगा पाण्यावर, बाप पेटीजवळ, आणि दोघांच्या मध्ये मी.

"पयले आमी बाप-लेक एका होडीत होतो तरी दिवसभर बोलत नव्हतो," दामाबाबा म्हणायचे. "आता तो तटे, मी अटे, नि त्याचा समदा बोलना मना ऐकू येते."

खरं तर बोलणं फार नसायचंच. लाँचची बॅटरी जपून वापरायची, म्हणून ऑफिसनं एक रीत घालून दिली होती. लाँचनं ठरल्या वेळी आपण कुठे आहोत ते सांगायचं. किनाऱ्यानं काही सांगायचं असेल तरच बोलायचं. किनारा गप्प म्हणजे सगळं ठीक, काम चालू ठेवा. हरीबरोबर एक खलाशी आणि सर्वे करणारे तरुण साहेब असत. साहेब या रितीला इतके पक्के होते की किनाऱ्यावरून हुकूम आल्याशिवाय त्यांनी कधी नांगर उचलला नाही. मला ते आवडायचे. शिस्तीचा माणूस कुणाला आवडत नाही!

हरीची बायको जमना दुपारी सासऱ्याची भाकरी घेऊन यायची. डोक्यावर पाटी, पाटीत डबा. ती खोलीच्या दाराशी बसायची आणि म्हातारा जेवेपर्यंत पेटीकडे बघत राहायची. हरीचा आवाज आला की पदर तोंडाला लावून हसायची. एकदा मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही पण बोला की." तर ती उठून चक्क पळून गेली. दामाबाबा इतके हसले की घास अडकला आणि मला त्यांच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या.

त्या खोलीतल्या सगळ्या गोष्टींतली हीच मला पुन्हा पुन्हा आठवते. बाकीच्या आठवाव्या लागत नाहीत, त्या असतातच.

खाऱ्या हवेत यंत्र टिकवणं म्हणजे रोजची मारामारी. कड्या गंजायच्या, खिळे गंजायचे, माझ्या सायकलची चेन आठवड्यात लाल व्हायची. सेटचा सूरही ओलाव्यानं सरकायचा आणि दर काही दिवसांनी मी एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, काडीनं कोर जरासा फिरवून तो जागेवर आणायचो. श्रावणात कोळीवाड्यात होड्यांचं तेलपाणी सुरू झालं. मुशी म्हणजे आमच्याकडचा शार्क. तिचं काळीज कढवून काढलेलं तेल होडीला आत-बाहेर चोपडतात. लाकूड पाणी पीत नाही, खिळा गंजत नाही. होडी, वल्ही, दाराच्या कड्या, पाटाच्या कडा, सगळ्याला तेच तेल. नारळी पौर्णिमेच्या आधी अख्खा किनारा त्या वासानं भरून जायचा. बाहेरचे मजूर नाकाला रुमाल लावायचे. माझ्या वडलांच्या वाडीतल्या रहाटालाही तेच तेल असायचं, त्यामुळे आमच्या पत्र्याच्या खोलीत तो वास आला तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही. उलट त्या महिन्यात कोर लोण्यासारखा फिरायचा.

आश्विनातली एक सकाळ. वारा पडलेला, समुद्र तेलासारखा गुळगुळीत, ऊन आत्ताच अंगाला चटके देणारं. लाँच पहाटेच गेली होती. हरीचा आवाज आला, "भाऊ, काल तुमचा बोलना लय बारीक येत होता. आज बघा." मी म्हटलं, बघतो. हवा कोरडी झाल्यापासून सूर सरकला नव्हता, कोरला हात लावून बरेच दिवस झाले होते. झाकण काढलं, काडी कोरच्या खाचेत घातली आणि नेहमीच्या हलक्या हातानं फिरवली. फिरेना. उलट बाजूनं बघितलं, फिरेना. थोडी ऊब दिली, पुन्हा फिरवली. कट्ट असा आवाज झाला. कोर आतल्या आत तडकला आणि त्याच्याबरोबर नळीही बुडाशी मोडली. वर तारेचे वेढे लोंबत राहिले.

ऐकण्याची बाजू शाबूत होती. बोलण्याची मेली. जादा कॉइल मी महिनाभर मागत होतो आणि ऑफिस महिनाभर देतो म्हणत होतं.

तरी त्या क्षणी माझ्या पोटात भीती नव्हती, नुसता वैताग होता. आभाळ स्वच्छ होतं. पालघरला एक रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे काहीतरी मिळेल म्हणून मी ठेकेदाराची जीप मागितली. निघताना दामाबाबांना सांगितलं, "बाबा, नुसतं ऐकत बसा. तुमचं त्यांना जाणार नाही."

"मी कटे बोलते?" म्हातारा म्हणाला. "तू जा नि ये."

पालघरच्या दुकानदाराला सगळे नाना म्हणत. हातात सतत पक्कड, तोंडात पान आणि कुठल्याही कामाला आधी नाही म्हणायची सवय. दुकानात सात-आठ रेडिओ एकदम चालू असायचे. मी कॉइल दाखवली. नानांनी ती उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "असली माझ्याकडे नाही. आपल्या रेडिओतली नळी बसेल, पण तार तुला नव्याने गुंडाळावी लागेल. आणि मोकळी नळीही नाही. दिवाळीनंतर ये."

मी हुज्जत घालत होतो तेवढ्यात गाणं थांबलं आणि बातम्या लागल्या. सगळ्या पेट्या एकाच आवाजात बोलू लागल्या. समुद्रात वादळ उठलं होतं, ते वर सरकत होतं, मच्छीमारांनी बाहेर जाऊ नये. नानांनी पान थुंकलं.

"तुझं कोण आहे पाण्यावर?"

"लाँच आहे. तिघं आहेत. मी त्यांना सांगू शकत नाही."

दुरुस्त होऊन, पुसून, गिऱ्हाइकाची वाट बघत ठेवलेला एक रेडिओ नानांनी फळीवरून उतरवला, त्याचं पोट फाडलं आणि नळी कोरसकट माझ्या हातावर ठेवली. "गिऱ्हाईक दोन शिव्या देईल," ते म्हणाले. "पळ."

परतीच्या रस्त्यावर जीपमध्ये मी मोडक्या कॉइलची तार सोडवून नव्या नळीवर गुंडाळत होतो. रस्ता खडबडीत, प्रत्येक खड्ड्याला वेढे सुटायचे. बोईसर मागे पडलं आणि तोंडावर वारा आला. जमिनीकडचा नव्हे, समुद्राकडचा. तो गरम होता. पश्चिमेला क्षितिजावर काजळीसारखा पट्टा दिसत होता. ड्रायव्हर रामराम पुटपुटायला लागला आणि मी त्याच्यावर उगाच खेकसलो.

खोलीत पाय टाकला तेव्हा जमना दाराशी उभी होती, बसलेली नव्हती. दामाबाबा माइक दोन्ही हातांत घेऊन त्यात बोलत होते. ओरडत नव्हते, समजावत होते. "परत ये रे पोरा. नांगर उचल. साहेबाचा ऐकू नको."

"बाबा, त्यांना जात नाही ते," मी म्हणालो.

"मना माहीत हाय," ते म्हणाले आणि बोलत राहिले.

मी गेल्यापासून हरी विचारत होता. आधी ठरल्या वेळी, मग सारखा. जमनानं मला सांगितलं. पश्चिमेला काळा झालाय, किनाऱ्यावर काय दिसते, येऊ काय? मग साहेबांचा आवाज, जरा लांबून: किनारा गप्प आहे, म्हणजे तिकडे काही नाही, दोन जागा राहिल्या आहेत तेवढ्या मोजून निघू. मग पुन्हा हरी: बाबा, तुमी तरी बोला. ऑफिसातल्या लोकांनी टेकाडावर पेंढा पेटवून धूर केला होता, लाल फडकं बांधलं होतं. पण लाँच होती धुरकटात, दृष्टीच्या पार.

मी तारेच्या टोकांना कथलाचा डाग देऊन ती जोडली. नवीन कोर फिरवला. सुई हलली, वर चढली. माइक दामाबाबांच्या हातातून घेतला आणि म्हणालो, लाँच, ताबडतोब परत या, वादळ आहे, ताबडतोब.

खरखर. मग हरी जवळजवळ किंचाळला, "आला! आला! भाऊ, तुमचा आवाज आला! निघालो, निघालो आमी!"

दामाबाबा रडत हसायला लागले. जमनानं खोलीत येऊन पेटीला हात लावून कपाळाला लावला. मी खुर्चीत बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपण एक चांगली गोष्ट केली. तेवढा वेळ आम्हाला मिळाला. तो मिळायला नको होता असं मला पुढे कितीदा वाटलं आहे.

निघायला उशीर झाला होता. किनाऱ्याजवळच्या खडकांच्या रांगेपाशी ते आले तेव्हा लाटा घराएवढ्या होत्या. टेकाडावरून आम्हाला लाँच दिसली, मग दिसली नाही. साहेब आणि खलाशी दुसऱ्या दिवशी चिंचणीच्या वाळूत मिळाले. हरी बऱ्याच दिवसांनी पार खाली एडवणला. कमरेच्या करगोट्यावरून ओळखला.

ओटीवर तो मुरब्याचा बोटवाला माझ्या हातांकडे बघत बसला होता. मी मोडकी कॉइल भिंगाखाली धरली आणि त्याच्यावर ओरडलो, "ह्याला तेल लावलंस? खरं सांग, कसलं तेल लावलंस?"

"नाय काका! कोण लावते तेल?" तो घाबरून म्हणाला. "ती पेटी पडली वरून."

खरंच पडली होती, बाजूला पोचा होता. मी त्याला चहा दिला. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय हे तो घरी जाऊन नक्की सांगणार.

हरी गेला त्या वर्षी चौकशीला मुंबईहून माणसं आली. त्यांनी विचारलं, सेट का बंद पडला? मी म्हणालो, भाग तुटला. जादा भाग का नव्हता? मी ऑफिसकडे बोट दाखवलं. ऑफिसनं आणखी कुणाकडे तरी दाखवलं. माणसं डबा खाऊन गेली.

ती गेल्यावर मी मोडकी नळी उभी चिरली. आतले आटे तपकिरी चिकानं भरले होते. वाळून खळीसारखा कडक झालेला. मुशीचं तेल असंच वाळतं. महिनाभर लोण्यासारखं, मग डिंकासारखं, मग दगड. होडीवर तेच तर हवं असतं. लाकडावर त्याचा थर धरला की पाणी आत शिरत नाही.

दामाबाबा माझ्या पाठीमागे कधी येऊन उभे राहिले मला कळलं नाही. त्यांना फारसं दिसत नव्हतं. त्यांनी नळी बोटांनी चाचपली, नाकाशी नेली आणि खाली बसले.

"मीच लावला," ते म्हणाले. "तू जेवायला गेला होतास. पेटी उघडून समद्या पेचांना लावला. माझ्याच मनात आला. म्हटला, गंजाल."

मी म्हणालो, "बाबा, तेलानं काही झालं नाही. कॉइल जुनी होती."

"तू बरा मानूस हायस," ते म्हणाले. "पन मना होडीवर जन्म गेला. तेल कसा सुकते ता मना नको शिकवू." मग माझा हात धरून म्हणाले, "सुनेला सांगू नको. ती मना रोज वाढते. सांगितला तर कशी वाढंल?"

मला तेव्हा म्हाताऱ्याचा थोडा राग आला, हे खरं आहे. पोरगा गेला आणि ह्याला आपल्या ताटाची काळजी, असं वाटलं. पण मी शब्द दिला आणि पाळला. वर्षाच्या आत ती नोकरी सोडून मी वाडीत परत आलो. वडलांनी दुसऱ्या दिवशी पानवेलींना पाणी घालायला मला हाक मारली.

जमनानं दुसरं घर केलं नाही. सुकी मासळी घेऊन ती बोईसरच्या बाजारात बसायची आणि संध्याकाळी जाऊन सासऱ्याला गरम भात वाढायची. दामाबाबांचे डोळे पूर्ण गेल्यावर काटे काढून मासा हातावर ठेवायची. लोक तिची तारीफ करायचे. मी बाजारात तिच्यासमोर उभा राहिलो की माझी मान वर होत नसे. वाटायचं, हिला जर कळलं!

दामाबाबा खूप जगले. गेले तेव्हा मी दहाव्याच्या आधी कोळीवाड्यात जाऊन आलो. घरात ती एकटीच होती. मी ओट्यावर बसलो, तिनं पाणी दिलं.

"भाऊ," ती म्हणाली, "एक इच्यारते. ते तुमच्या पेटीला तेल लावला म्हनून बंद पडली ना?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोनी नाय. त्या दिसानंतर बाबांनी मुशीचा तेल घरात येव दिला नाय. होडीला पन नाय लावला. होडी सुकून फाटली, इकली, पन तेल नाय. तवाच समजले मी." ती पदराशी चाळा करत होती. "मंग मी बाबांना कंदी काय बोलले नाय. बोलनार कोनत्या तोंडानं? बाटली मीच भरून दिली होती. बाबा नको म्हनत होते, साहेबाची वस्तू हाय म्हनून. मीच मागं लागले. म्हटला, यांचा आवाज येते त्यातून, त्याला गंज नको धराला."

तिनं पदर सोडला आणि माझ्याकडे बघितलं.

"बाबांनी तुमाला माझा नाव सांगितला होता काय?"

"नाही," मी म्हणालो. "त्याच वर्षी मला म्हणाले, माझ्याच मनात आलं. आणि सुनेला सांगू नको, म्हणाले."

कोपऱ्यात दामाबाबांचं ताट उपडं घातलेलं होतं, त्याकडे वळून ती रडायला लागली. "मना वाटायचा, मी मागं लागले ता ते इसरले म्हनून जेवतात माझ्या हातचा," ती म्हणाली, "नायतर त्यांच्या घशाखाली उतरला नसता."